आडवी गिटार

डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेली होती. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं. दोघांची वरची दोन-दोन पेरं. गाव असोदा, गोठ्यामागची कडबाकुट्टी, दिवस सुट्टीचा. मी धुळ्याहून घरी आलो होतो. भावाला म्हटलं, तू डेअरीवर जाऊन ये, कुट्टी मी करतो. लहानपणापासून करत आलो होतो. ज्वारीचं एक ओलं धाट तोंडाशी अडकलं, मी ते पुढे लोटायला गेलो आणि मशीनचा आवाज बदलला. मला तेवढंच नीट आठवतं. दुखणं फार नंतर आलं.

जळगावच्या दवाखान्यात भेटायला माणसांची रीघ लागली. गावातले, भावकीतले, कॉलेजातले. आलेला प्रत्येक जण पांढऱ्या बँडेजकडे बघायचा आणि विचारायचा, "उजवा की डावा?" मी सांगायचो, डावा. मग त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. "बरं झालं बाबा. डावा म्हणजे काही अडायचं नाही."

आईसुद्धा तेच म्हणाली. उशाशी बसून, माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "देवाची किरपा, उजवा वाचला. लिव्हाले-जेवाले येईन तुले."

मी मान हलवली. तिला काय सांगणार? मी गिटार वाजवतो हे तिला माहीत होतं, पण कोणता हात काय करतो हे तिनं कधी बघितलं नव्हतं. का बघावं? लोकांना उजव्या हाताची हालचाल दिसते, तारा छेडताना दिसतात, त्यांना वाटतं वाजवणारा हात तोच. उजवा नुसती हाक मारतो. सूर कोणता, ते डाव्या हाताची बोटं ठरवतात. तारेवर दाबून, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या बरोबर त्याच घरावर. माझी जी बोटं गेली, तीच सगळ्यात जास्त चालणारी होती. त्यांच्या शेंड्यांवर घट्टे होते. इतक्या वर्षांनी तयार झालेले ते घट्टे कुट्टीत गेले. त्यांचं मला बोटांइतकंच वाईट वाटलं, आणि हे कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

गिटार मी कॉलेजात असताना जळगावला घेतली होती. वाद्यांच्या दुकानात तबले, पेट्या आणि ढोलक्यांच्या मागे ती एकटीच उभी होती. भारी नव्हतीच. मानेजवळ लाकडात एक गाठ होती, अर्ध्या सुपारीएवढी, म्हणून कुणी घेत नव्हतं. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या घरात किंचित घरघर होती. ती मी कधी दुरुस्त केली नाही. ती घरघर कुठे येणार हे मला ठाऊक असायचं आणि मी तिथे तार थोडी हलकी छेडायचो. वर्षानुवर्षं असं केल्यावर माझं वाजवणंच तसं झालं. दुसऱ्या कुणाच्या चांगल्या गिटारवर बसलो तरी मी त्या जागी दबकायचो.

ती खास का, असं मला एकानं विचारलं होतं. नशिराबादचा माझा एक मित्र कीबोर्ड वाजवतो, त्याचा लहानसा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, वाढदिवस, गणपतीचे दिवस. नोकरी लागण्याआधी आणि लागल्यावरही सुट्टीच्या दिवसांत मी त्याच्याबरोबर जायचो. कार्यक्रमाआधी माइकची जोडाजोडी चालू असताना आमच्या गप्पा निघत. आमच्या बेस वाजवणाऱ्याची आवडती गिटार लालभडक होती. तो म्हणायचा, हिचा आवाज काही खास नाही, पण हिच्याबरोबर आरशात मी चांगला दिसतो. मित्राला सगळ्या गिटार सारख्याच वाटायच्या. त्यानं मला विचारलं, "तुला हा डबा का आवडतो यार?" मी म्हटलं, "मागून हात लावून बघ." मानेच्या पाठीमागे, जिथे माझा अंगठा फिरायचा, तिथलं पॉलिश उडून लाकूड साबणासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हो रे." त्याला खरंच कळलं की नाही, माहीत नाही. पण तो "हो रे" म्हणाला हे मला पुरलं.

जखम भरली आणि मी धुळ्याला परत आलो. देवपुरात माझी भाड्याची एक खोली आहे, खाली घरमालकांचं कुटुंब, वर मी. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. उपकरणं काढून द्यायची, मांडायची, पुन्हा कपाटात लावायची. हे काम आठ बोटांनी होतं. जेवणाचा डबा येतो. तोही आठ बोटांनी उघडतो. लोक म्हणाले ते खरंच होतं, माझं काही अडलं नाही.

गिटारच्या तारा मी सैल केल्या आणि ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकावली. पहिल्या काही आठवड्यांत दोनदा खाली काढली. उरलेल्या बोटांनी दाबून बघितलं. चार सूर लागायचे, पाचवा राहायचा. शिवाय तुटक्या बोटांच्या थोट्यांना तारेचा स्पर्श झाला की खांद्यापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. परत लटकावली. मित्रानं दुसरा गिटारवाला बघितला. त्यानं बघायलाच पाहिजे होता, लग्नसराई कुणासाठी थांबते? त्यानं फोन करून सांगितलं, चांगला वाजवतो पोरगा, पण तुझ्यासारखा नाही. हे तो माझ्यासाठी म्हणाला, एवढं मला कळलं.

घरी स्थळांचं बोलणं आधीच थंडावलेलं होतं. आमच्याकडे तिशी उलटलेल्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे आता गावोगाव आहे. हातानंतर आईनं विषय काढायचा सोडला. मला त्याचं हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच थोडी भीती वाटली. शनिवारी दुपारी कॉलेज सुटायचं. पूर्वी मी पारोळा-एरंडोल करत जळगावची गाडी पकडायचो. आता महिन्यातून एकदा जाऊ लागलो, मग तेही कमी झालं. रविवारी खोलीत बसून राहायचो. खाली घरमालकांकडे टीव्ही चालू असायचा, तेवढी सोबत.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एके दिवशी प्रॅक्टिकल संपून मुलं गेलेली, मी मोजमापाची उपकरणं आवरत होतो. दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट खोचलेला, दाढी केलेली, हातात कापडी पिशवी. शिपायानं त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

"साहेब, आठे लोखंडनी गोल कांडी भेटी का? गुळगुळीत पाहिजे. बोटएवढी."

त्यांची अहिराणी, माझी असोद्याकडची बोली. दोन्ही वेगळ्या, पण एकाची दुसऱ्याला कळते. मी म्हटलं, "आबा, हे हार्डवेअरच्या दुकानात बघा ना. इथे मुलांच्या प्रयोगाचं सामान असतं."

"बठ्ठा दुकानं फिरी उनू. त्या पाइप देतंस. माले भरीव पाहिजे, आरसासारखी." मग जरा ओशाळून म्हणाले, "मनी व्हती एक. घरले रंग दिधा, तवय कोठे गयी काय माहीत."

"कशाला लागते?"

"गिटारले."

मी हातातली व्हर्निअर कॅलिपर टेबलावर ठेवली. "हवाईन का? मांडीवर आडवी घेऊन वाजवतात ती?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परक्या गावात कुणी त्यांना घरच्या नावानं हाक मारली असावी. "तुले कशी माहीत?"

"मी वाजवायचो. आपली साधी. उभी."

त्यांचे डोळे माझ्या हातांकडे गेले. डावा हात मी सवयीनं खिशात घातलेला होता. मी तो बाहेर काढला. का काढला ते सांगता येणार नाही. त्यांनी बघितलं, थोडे पुढे आले आणि अगदी हळू म्हणाले, "अरे देवा. डावा."

एवढं मोठं दुःख झाल्यासारखा तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. मी कपाटाकडे वळलो आणि उगाच वस्तू हलवत राहिलो, कारण माझे डोळे भरले होते.

एका मोडक्या उपकरणातला पोलादी दंडगोल खालच्या खणात पडून होता. विभागप्रमुख मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, भंगारातलाच आहे, द्या. त्याची एक कड खरखरीत होती. मी पॉलिशपेपरनं ती घासली आणि रविवारी आबांनी सांगितलेल्या पत्त्यावर घेऊन गेलो.

आबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर धुळ्यालाच लहानसं घर बांधलं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. घरात एकच खोली वापरात होती, बाकीच्यांना कड्या. त्यांनी चहा केला, कप-बशी पुसून दिली, मग पलंगाखालून पेटी ओढली. गिटार जुनी, काळपट तपकिरी, तारा लाकडापासून खूप उंच उचललेल्या, म्हणजे बोटानं दाबताच येऊ नयेत अशा. त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली, उजव्या बोटांत तार छेडायच्या नख्या चढवल्या, डाव्या हातात माझी कांडी घेतली, तिचं वजन जोखलं आणि वाजवायला लागले. एक जुनं सिनेमातलं गाणं होतं.

खरं सांगतो, मला आवडलं नाही. मला टणक सुरांची सवय. इथे सूर एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारत नव्हता, सरपटत जात होता. सगळंच रडवेलं वाटत होतं. पण मी आवाजापेक्षा त्यांचा डावा हात बघत होतो. कांडी तारांवर नुसती टेकत होती. बोटं काहीच दाबत नव्हती.

गाणं संपलं. आबा उठले, मला म्हणाले, "बस आठे." आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"आबा, मला नाही जमणार."

"तुले काय दाबनं शे? कांडी धर."

कांडी धरायची तर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरतात. माझं मधलं बोट नव्हतं. कांडी पहिल्यांदा तारांवर आपटली, दुसऱ्यांदा फरशीवर पडून पलंगाखाली गेली. आबांनी वाकून ती काढली. कमरेवर हात ठेवून सरळ झाले. माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं, मग माझी ती दोन थोटी स्वतःच्या बोटांनी धरली आणि कांडीवर वरून टेकवली. डॉक्टर सोडले तर तोवर कुणी त्या थोट्यांना हात लावला नव्हता. आईनंही नाही. माझ्या खांद्यापर्यंत तो करंट गेला, मी हात मागे ओढला.

"दुखस?"

"हो."

"दुखू दे थोडं," ते म्हणाले, आणि पुन्हा धरली.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. आधी नुसता एकच सूर. कांडी धातूच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी, जरा अलीकडे-पलीकडे झाली तरी सूर बेसूर. उभ्या गिटारच्या पट्ट्या माणसाला सांभाळून घेतात, बोट थोडं चुकलं तरी सूर खरा लागतो. इथे कुणी सांभाळत नाही. महिनाभर मी नुसतं चुकीचंच वाजवलं. आबा डोळे मिटून बसायचे आणि "वर… जरासा वर… खाल ये," एवढंच बोलायचे. थोटी हळूहळू निबर झाली. करंट कमी झाला. एक दिवस वाजवताना माझ्या लक्षात आलं, की कांडी दाबून धरायला ती बोथट टोकं पुऱ्या बोटापेक्षा बरी पडतायत. मी आबांना तसं म्हणालो. त्यांनी "हां" म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

आमचं बोलणं कमीच व्हायचं. दोन एकटी माणसं एकत्र बसली म्हणून एकटेपण संपतंच असं नाही. पुष्कळदा मी माझं घेऊन बसलेला असायचो आणि ते त्यांचं. पण एकदा मी त्यांना विचारलं, "आबा, ही गिटार तुमची लाडकी असेल ना? किती वर्षं आहे?"

"हाई? नही." त्यांनी मान हलवली. "हाई चांगली शे. पन मनी लाडकी दुसरी व्हती."

ती भुसावळची. नोकरीच्या सुरुवातीला ते भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होते. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. हवाईन त्यानंच शिकवली. तो देश सोडून गेला तेव्हा आपली जुनी गिटार आबांना देऊन गेला. तिच्या आत लाकडाची एक पट्टी निखळलेली होती. क्वार्टर रुळांच्या अगदी कडेला. मालगाडी निघाली की भिंती थरथरायच्या आणि खुंटीवरची ती गिटार आपोआप गुणगुणायची. कुणी हात न लावता. आबांची पत्नी स्वयंपाक करता करता म्हणायची, तुमची ती उठली. ड्यूटीवरून परतताना आपली गाडी यार्डात शिरली की आत्ता घरी गिटार वाजत असेल, हे आबांना ठाऊक असायचं.

"मग काय झालं तिचं?"

"सुधराले दिधी." ते हसले. "मुंबईना कारागीर. पक्कं काम करं त्यानी. पट्टी चिकटाडी, आवाज असा गोड झाया! पन गाडी उनी तरी ती बोलेच ना." मग म्हणाले, बदली झाली तेव्हा ती एकाला देऊन टाकली. चांगल्या आवाजाची गिटार होती, तो खूश झाला.

घरी येऊन मी माझी गिटार खिळ्यावरून काढली. आबा बऱ्याच दिवसांपासून सांगत होते, तुझीच आडवी कर. तारा उंच करायला मानेच्या टोकाशी एक उंच पट्टी बसवायची, बस. पाहिजे तेव्हा काढता येते. पण माझा हात धजत नव्हता. ती तशी होती तोवर मी कधीतरी पुन्हा उभी वाजवणारा माणूस होतो. तारा उचलल्या की ते संपलं. काढता येते म्हणून काय झालं? मी काढणार नव्हतो, हे मला माहीत होतं.

तरी केलं. लोखंडी पट्टीचा तुकडा कापला, कानशीनं सहा खाचा पाडल्या, बसवला. नव्या तारा चढवल्या, आबांच्या पद्धतीनं सुरात लावल्या. आणि पलंगावर बसून तिला मांडीवर आडवी घेतली.

इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा वाजवताना कधी बघितलाच नव्हता. उभी गिटार छातीशी धरलेली असते. तुम्हाला दिसते फक्त वरची कड आणि तारा एकावर एक. समोरची बाजू बघणाऱ्यांसाठी. आता ती तोंड वर करून माझ्याकडे बघत पडली होती. लाकडातली ती गाठ, भोवतालच्या रेषा पाण्यात खडा पडल्यासारख्या वळलेल्या. माझ्या मनगटानं घासून पडलेला पांढरट पट्टा. मी कांडी ठेवली आणि तार छेडली.

आवाज पातळ निघाला. आबांच्या गिटारला जो भरीवपणा होता, तो हिला नव्हता. ती ह्या कामासाठी केलेलीच नव्हती. मोठ्या आजारातून उठलेलं ओळखीचं माणूस बोलायला लागतं आणि आवाज भलत्याचाच येतो, तसं वाटलं. तिसऱ्या घरातली घरघर गेली होती. तारा आता लाकडाच्या जवळच नव्हत्या तर घरघर कुठून येणार? अंगठ्याची ती गुळगुळीत जागा खाली माझ्या मांडीवर टेकलेली, कुणाच्याच उपयोगाची नाही. मी थोडं वाजवलं आणि तशीच बसून राहिलो. मग पुन्हा वाजवलं. दुसरी होती तरी तीच होती, आणि मला तरी दुसरं कोण होतं?

आबांना ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "रडस चांगली." ती स्तुती होती.

त्या उन्हाळ्यात आबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण दोन दिवस उठता येईना. शेजाऱ्यांनी मुलीला कळवलं. ती नाशिकहून आली, माझ्याशी नीट बोलली. "दादा, तुम्ही येत होतात म्हणून मला काळजी नव्हती. पण आता एकटं नाही ठेवता येणार." तिचं चुकीचं काहीच नव्हतं. मी सामान बांधायला मदत केली. आबा खुर्चीवर बसून बघत होते. भांडी शेजारी वाटली, पलंग एकाला दिला. गिटारची पेटी मात्र त्यांनी पायाशी ठेवली होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, ही ह्या दादांनाच देऊन टाका ना. तिथे फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला ती हवी होती. खूप हवी होती. पण मी म्हटलं, "नको ताई. माझी आहे मला."

"हां," आबा म्हणाले. "त्यानी शे त्यानाकडे." आणि पेटीवर पाय टेकवून बसले.

गाडी निघाली तेव्हा पेटी मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी होती. माझा हात धरून त्यांनी एवढंच सांगितलं, की मनगट सैल ठेव.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. आधीचं एकटेपण सवयीचं होतं, हे नवं होतं. त्यांच्या घरावरून जायचो नाही, लांबच्या रस्त्यानं जायचो. फोन करायचो, पण त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. मी म्हणायचो, आज नवीन गाणं बसवलं, ते म्हणायचे, हां हां, जेवन झायं. मग मुलगीच फोन घ्यायची.

त्या हिवाळ्यात नशिराबादच्या मित्राचा फोन आला. चोपड्याला एका लग्नाचं रिसेप्शन आहे, जेवणं चालू असताना शांत काहीतरी पाहिजे, तू ते आडवं वाजवतोस असं ऐकलं, येतो का? मी दोन दिवसांनी हो कळवलं आणि गेलो. संध्याकाळ होत आलेली, सातपुडा काळा दिसायला लागला होता, मंडपाच्या मागे केळीचा बाग. मी स्टेजच्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो, गिटार मांडीवर घेतली. हात आपोआप सगळ्यांना दिसत होता. पण कुणी बघत नव्हतं. माणसं ताटं घेऊन उभी होती, बोलत होती. मी तीन गाणी वाजवली. तिसऱ्याच्या मध्येच नवरदेवाचे कुणी काका स्टेजपाशी आले आणि मित्राला म्हणाले, "भाऊ, लग्न आहे आमच्याकडे. हे रडणं बंद करा, पोरांना नाचायचं लावा."

मित्राचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तितकं मला लागलं नाही. ते बरोबरच होते. मी केबल काढली आणि बाजूला झालो.

सामान गाडीत भरताना मित्रानं माझी गिटार उचलून बघितली. उलटी केली, मानेवर अंगठा फिरवला आणि थांबला. "अरे, ही तीच आहे? तुझी जुनी?"

"हो."

"आवाजावरून ओळखूच आली नाही यार."

"मलाही नव्हती आली," मी म्हटलं.

जळगावपर्यंत गाडीत ती त्यानं आपल्या मांडीवर धरली. स्पीकरांच्या ढिगात मागे ठेवली नाही.

आता आबांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाला मशीन लावतात, पण त्यात सगळा खरखराट येतो म्हणून काढून ठेवतात. मुलीनं सांगितलं, ते आता वाजवत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात, तार छेडतात आणि तळवा लाकडावर ठेवतात. थरथर हाताला कळते. तिनंच सुचवलं, "दादा, व्हिडिओ कॉल करा ना. ऐकू आलं नाही तरी तुमचा हात बघतील."

तेव्हापासून रविवारी दुपारी मी डब्याला टेकवून फोन उभा करतो, कॅमेरा डाव्या हातावर. पलीकडे आबा चष्मा लावून, स्क्रीनच्या फार जवळ येऊन बसतात. मला त्यांचं कपाळ आणि अर्धा चष्माच दिसतो. मी वाजवतो. त्यांना ऐकू काहीच जात नाही, तरी सूर चुकला की त्यांचा हात वर येतो. कांडी तिरकी झालेली त्यांना दिसते. बोटानं दाखवतात, जरासा वर. मी वर घेतो. ते मान हलवतात. कधी मनगट हवेत सैल हलवून दाखवतात.

थोड्या वेळानं त्यांना थकवा येतो. फोन हातातून मांडीवर जातो, आणि माझ्या स्क्रीनवर नाशिकच्या त्या खोलीचं छत येतं, फिरणारा पंखा येतो. मुलगी आतल्या कामात असते, तिच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ जातो. मी बंद करत नाही. त्या पंख्याकडे बघत चालू असलेलं गाणं पुरं करतो, आणि तोवर कॉल चालू असेल तर आणखी एक सुरू करतो.